नळी छातीत असताना उठू नये

मार्गासनी, ता. वेल्हे
फेब्रुवारी १९७८

चि. ज्ञानू यास थोरल्या भावाचा जयभीम.

इकडे सगळं ठीक आहे, माझी पाठ सोडून. भोंगवलीतही सगळं ठीक असेल, तुझी छाती सोडून. चढावर येणारी कळ वाताची आहे असं तू लिहितोस. माझीही वाताचीच होती. तू माझी पाठ पाहून गेलास आणि तेव्हापासून मुंबईच्या इस्पितळात काळजाच्या नळ्या तपासून घ्यायला नाही म्हणतोस, असं तुझ्या अंजनाने कळवलं. म्हणून हा डाग कसा पडला ते लिहितो. (मी डाग म्हणतो. तुझी वहिनी भोक म्हणते.)

माझ्या तपासणीचं ठरलं तसं वहिनीने मला खाऊ घालायला घेतलं. "एवढंसं अंग घिऊन जाता व्हय? नळी घालायची कुठं?" तूप, अंडी, बोकडाचे पाय. लेंग्याची नाडी पुरेना. इस्पितळात कळलं की अंग जितकं जाड, तितके क्ष-किरण जास्त सोडावे लागतात, नाहीतर चित्र उमटत नाही. म्हणजे ते तूप मी पाठीसाठीच खाल्लं.

मांडीतून नळी घालून काळजापर्यंत नेली. किरण टेबलाखालून, सरळ पाठीत. नळी धरणारा डॉक्टर शिकाऊ होता. त्याला धमनीचं तोंड सापडेना, आणि तो शोधत होता तोवर किरण चालूच. एवढ्यात मोठे डॉक्टर आत आले. मोठं माणूस आत आलं की उठायचं, हे मी वेल्ह्याच्या शाळेत जन्मभर शिकवलं (तुलाही, छडीने). मी कोपरावर उठलो, हात जोडले. नळी निसटली. पुन्हा शोध, पुन्हा चित्रं, सगळी मला एकाच कुशीवर कलवून, पाठीच्या एकाच जागेतून. मोठे डॉक्टर बाहेर जाऊन परत आले. मी परत उठलो. "मास्तर, मेल्यासारखे पडा हो!" (इतकी सोपी सूचना मला आजवर कुणी दिली नव्हती.)

काही आठवड्यांनी पाठीवर, किरण घुसले तिथेच, चौकोनी लाली आली. शेजारच्या कोंडाबाईने नागीण ठरवून लेप थापला. मग ती जागा फुटली.

तर हा डाग तपासणीचा कमी आणि माझा जास्त. तू काटकुळा आहेस. तुझं लवकर उरकेल. अंजनाला तूप कढवू देऊ नकोस.

तुझा
चिमाजी

ता. क. तुझी तारीख मी परस्पर घेतली आहे. सोमवारी भोरच्या स्टँडवर पहिल्या एसटीला उभा असेन.

आणखी एक. ती तारीख माझ्या दुसऱ्या तपासणीची होती. माझी चित्रं शेवटी हललेलीच निघाली. काळजाची कुठली नळी बुजली ते दिसत नाही, म्हणून शस्त्रक्रिया नाही. पाठ भरल्याशिवाय पुन्हा किरण नाहीत. पाठ भरत नाही. तेव्हा तिथे आत कुणीही आलं तरी पडून राहा. मी आलो तरी.