तळं मोकळं होईपर्यंत

२ मार्च, रविवार
सकाळी सातला घराजवळच्या तळ्याला, बेडोक रिझर्व्हॉयरला, फेरी. काठावरच्या वाळक्या फांदीवर वेडे राघू, अकरा. निळ्या शेपटीचे. फोटो काढून मुक्ताला पाठवला. दुपारी लेकीचं उत्तर: खिडकीतून दिसणारं तिचं तळं. पांढरं, सपाट, मधोमध एक माणूस स्टुलावर बसून भोकातून मासे धरतोय. फिनलंडात म्हणे याला सुट्टी म्हणतात.
ऑगस्टात शिकायला गेली तेव्हापासून हे रोजचं. माझं तळं, तिचं तळं.

८ मार्च, शनिवार
आज कळलं. तिला तिथं नोकरी देऊ केलीय. तळ्यांचं पाणी तपासायचं, चार वर्षं. "एकच हिवाळा, आई" म्हणून गेली होती. मी कॅलेंडरवर लिहूनसुद्धा ठेवलंय.
"मग? काय सांगितलंस त्यांना?"
"नॉट यट. बर्फ गेलं की ठरवते. प्रेशर नको लाह." तिकडे जाऊनही वाक्यामागचं इथलं 'लाह' सुटलेलं नाही.
मी म्हटलं, मी कुठे प्रेशर देते. सुधीर पेपराआड हसला. नवरा कसला, फितूर आहे.
तर आता मला बर्फ हवंय. बारा महिने घाम गाळणाऱ्या गावात बसून फिनलंडचं हवामान बघते.

१५ मार्च
उणे चार. शाबास.

२२ मार्च
अधिक सहा. फोटोत काठाला करडी रेघ. मु. खूश. "आई, सगळीकडे टपटप आवाज!" छपरावरून पाणी ठिबकताना रेकॉर्ड करून पाठवलंय. तीनदा ऐकलं. गोड आहे, कबूल.
इकडे राघू सात. कॅमेरावाले अंकल (रोज तिथंच, तिपाई लावून) म्हणाले, "गोइंग नॉर्थ आलरेडी." घरटं कुठं करतात, विचारलं. "देअर लाह. हियर ओन्ली ईट." मग माझा चेहरा बघून असेल, "बट नेक्स्ट विंटर कम बॅक. सेम ट्री."
अंकलना कॉफी पाजली.

३० मार्च, रविवार. पाडवा
गुढी नेहमीसारखी स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर, कपडे वाळत घालायच्या बांबूवर. खालच्या मजल्यावरच्या आंटीला दरवर्षी वाटतं, साडी वाळत घातलीय. कडुनिंब टेक्का मार्केटातून, गाठी पुण्याहून नणंदेनं पाठवलेल्या.
आज तिकडची घड्याळं पुढे गेली. सहा तासांचं अंतर पाच झालं. पोरगी तासभर जवळ आली.
दुपारी व्हिडिओ कॉल. बाईसाहेबांनीही गुढी उभारलेली! स्कीची काठी, माझीच जांभळी ओढणी (जाताना ढापलेली), वर स्टीलचा कॉफी मग उपडा. कडुनिंब कुठला, बर्चच्या डहाळ्या, नुसत्या कळ्या असलेल्या. गाठींच्या जागी दोऱ्यात चॉकलेटं. आणि हे सगळं तळ्यावर, काठापासून चार पावलांवर, बर्फात रोवलेलं. का, तर घरासमोर झाडं आहेत, आभाळ मोकळं दिसत नाही.
आम्ही दोघं इकडून नमस्कार करतोय तोच तिकडून आरडाओरडा. शेजारच्या आयलाबाई, सत्तरीच्या, हातात दोर घेऊन धावत आल्या. तिथं बर्फ कच्चं असलं की डहाळ्या बांधलेली काठी रोवतात, इकडे येऊ नका म्हणून. बाईंना वाटलं, पोरीनं धोक्याची खूण लावली आणि स्वतःच तिच्याशेजारी उभी राहिली!
मुक्तानं समजावलं. बाईंनी ऐकून घेतलं. गुढी उपटली, काठावर नेली, आपल्या हातानं पुन्हा सरळ रोवली. मग मुक्ताच्या कोटाची वरची दोन बटणं लावली. ती बटणं मी गेले सात महिने फोनवरून लावायला सांगतेय.
बाईंचा राग आला. चांगला तासभर टिकला. मग वाटलं, बटणं लावायला कुणीतरी आहे बाई.
रडले. सुधीरला सांगितलं, फोडणीचा ठसका.

५ एप्रिल
आयलाबाईंना श्रीखंडाची कृती हवीय. दही टांगायचं कशात, हा प्रश्न. पायमोजा नको, म्हणून दोनदा बजावलं.

१३ एप्रिल, रविवार
राघू दोन.
तिच्या तळ्यावर मधेच पाणी उघडं पडलंय, त्यात हंस उतरलेत. दिवसाला तीन तीन फोटो. "आई, यू मस्ट सी!" सायकल पहिल्यांदा स्वतः चालवली तेव्हाचा आवाज. त्या दिवशीही मी मागे धावत होते आणि तिला पत्ता नव्हता.
हवामान बघणं सोडलंय. म्हणजे, कमी केलंय.

२० एप्रिल, रविवार
फांदी रिकामी. अंकल तरी तिपाई लावून बसलेले. काय काढताय, विचारलं. "नथिंग. सिट ओन्ली." मीही बसले. पाण्यावर वारा छान होता.

२६ एप्रिल, शनिवार
दुपारी एकला फोटो. पाणी. या काठापासून त्या काठापर्यंत निळं. कडेला आयलाबाई, पाठमोऱ्या. खाली एवढंच: "ओपन! संध्याकाळी कॉल करते. ठरवलंय."
सुधीरला विचारलं, काय ठरवलं असेल. "तुला काय हवंय?" म्हणाला. ती हवीय, दुसरं काय. पण त्या फोटोतलं पाणीही मला आवडलं, हे त्याला सांगितलं नाही.
बसवेना म्हणून देवघर आवरलं. पाडव्याचा कडुनिंब वाळून खडखडीत झालाय. टाकायला घेतला आणि पाकिटात भरला. तिच्या तिकडच्या पुढच्या पाडव्यासाठी. ती इथं असली तर टेक्काला ताजा मिळतोच.
पाकिटावर पत्ता घातला नाही अजून. पेन शेजारी ठेवलंय.