आवाजासाठी थांबू नकोस

ता. १४, रविवार, दुपारची जेवणं उरकल्यावर

प्रिय आई,

नमस्कार. मी इकडे मजेत आहे, तुम्ही दोघीही मजेत असाल, असं लिहिणार होतो. पण तू मजेत नाहीस हे तिघांनाही माहीत आहे, तेव्हा ते राहू दे. ताईला एक टपली. ताई, चष्मा लाव आणि सावकाश वाचून दाखव. पानांचे फोटो तुझ्या फोनवर पाठवतोय, टपालाला वेळ नाही.

फोन असताना हे काय लिहीत बसलाय, असं आई आत्ता म्हणालीच असेल. आई, फोनवर तू मला बोलू देतेस का? मी ‘अगं’ म्हणेपर्यंत तुझं सगळं बोलून होतं आणि वर ‘ठेव आता, दूध उतू जातंय’. आवाज एवढा बसलाय, पण भांडणात हार नाही. कागदाला मधेच तोडता येत नाही, म्हणून कागद.

काम चांगलं चाललंय. पायाला भिंगरी लागलेल्या पोराला बरोबर जागा मिळाली. दिवसभर पेशंटची ट्रॉली ढकलायची. वॉर्डातून एक्स-रेला, तिथून ऑपरेशनला, मग परत. गॅरेज सोडलं, रंगकाम सोडलं, हॉटेल सोडलं. हे अजून सोडलेलं नाही, याची कृपया दखल घ्यावी. नर्सबाई म्हणतात, वळणावर पेशंटला धक्का न लावणारा हाच एक.

मला घशाच्या वॉर्डात टाकलंय. हे तुला सांगितलं नव्हतं. तुझी तपासणी व्हायच्या आधीपासून मी तिथेच आहे. ताई फोनवर म्हणाली, ‘स्वरयंत्र काढावं लागणार’, तेव्हा मी विचारलं, ‘म्हणजे काय?’ म्हणजे काय ते मला माहीत होतं.

तर आता नीट सांगतो. मानेत पुढे एक भोक राहतं, श्वास तिथून घ्यायचा. वरून पातळ कापड बांधायचं. आंघोळीला त्यात पाणी जाऊ द्यायचं नाही. थोडे दिवस नळीने जेवण, मग तोंडाने, पहिल्यासारखं. दुकानातल्या इस्त्रीची वाफ सोसेल का, ते डॉक्टरांना विचार. ते मला माहीत नाही.

आमच्याकडे एक म्हातारा येतो. पूर्वी बस चालवायचा. त्याचं हेच ऑपरेशन झालंय. वॉर्डात सगळे त्याला भोंगा म्हणतात आणि त्याला ते आवडतं. ज्यांचं ऑपरेशन व्हायचंय त्यांच्या पलंगावर तो जाऊन बसतो, मानेतल्या भोकावर अंगठा ठेवतो आणि बोलतो. आत एक छोटी झडप बसवलेली असते. आवाज खरखरीत, एकसुरी, पण शब्द न् शब्द कळतो. शिव्या तर फारच स्पष्ट. पहिल्या भेटीत मी त्याच्या कानाशी जाऊन ओरडलो, ‘आजोबा, पाणी हवंय का?’ त्याने कपाळावर हात मारून घेतला. मग अंगठा लावून म्हणाला, ‘लेका, गळा काढलाय, कान नाही!’ सगळा वॉर्ड हसला. ज्यांना आवाज नव्हता तेही हसले, त्यांचे नुसते खांदे हलतात. ही चूक सगळेच करतात. ताई, तूही करशील. ओरडू नकोस, खाणाखुणाही करू नकोस. साधं विचार, आणि उत्तर येईपर्यंत थांब.

आमच्या खोलीतला पंखा दुरुस्त झाला. शेजारच्या खाटेवरचा इतका घोरतो की पंख्याचा आवाज ऐकूच येत नाही. इथली हवा फार कोरडी आहे, ओठ फुटतात.

पुरे. मुद्द्यावर येतो.

डॉक्टर म्हणाले, याच महिन्यात या. आणि तू म्हणतेस, ‘धाकटा येऊ दे आधी. चार शिव्या माझ्या तोंडून ऐकू देत त्याला, मग न्या गळा.’ मलाही फोनवर तेच म्हणालीस, आणि मी म्हणालो, बरं. सुट्टी मिळायला अजून किती अवकाश आहे हे ठाऊक असून म्हणालो. कारण मलाही तेच हवं होतं.

दुकानातून तू हाक मारायचीस, ‘ए कार्ट्या, तिसऱ्या मजल्यावरचे कपडे कोण नेणार, तुझा सासरा?’ मी येईपर्यंत तिसऱ्या मजल्यावरच्या बाईच खाली आलेल्या असायच्या. इथे मला कुणी हाक मारत नाही. ‘ट्रॉली!’ म्हणतात, आणि मी वळतो. एखाद्या बाईचा आवाज जरा चढा असला तर वळायच्या आधी जीव उगाच वर येतो. वळलो की कुणीतरी नर्स असते. हातात पेशंटचे कागद, घाईत.

तर मी बरं म्हणालो. मग एक शिंपी आला.

तोही थांबला होता. मुलगा लांब कामाला, तो आल्यावर बघू म्हणून. मुलगा आला. बापलेक पोटभर बोलले म्हणे. ऑपरेशनला मीच नेलं. वाटेत माझ्या गणवेशाची कॉलर चिमटीत धरून तो म्हणाला, ‘कुणी शिवलंय हे? त्याला पुन्हा शिकायला पाठवा.’ मी त्याला आत सोडलं, आणि फारच लवकर मला परत बोलावलं. ट्रॉली लवकर मागवली की आम्हाला कळतं. तोवर घशातली गाठ पसरली होती. काही न काढता टाके घातले होते.

म्हणजे त्याचा आवाज वाचला. शुद्धीवर आल्यावर त्याने मुलाला हाक मारली, घोगरी, पण त्याचीच. मुलगा दाराशी उभा होता. आई, त्याचा चेहरा मी पाहिला. तो आवाज त्याला नको होता.

मी बॅग भरली. मला तेवढंच येतं, तुला ठाऊक आहे. मुकादम म्हणाला, जा, पण मग परत येऊ नकोस. म्हटलं, नाही येत. खाली उतरताना जिन्यात भोंगा भेटला.

‘कुठे निघालास?’

‘घरी. आईचा आवाज आहे तोवर ऐकून येतो.’

तो पायरीवर बसला, मलाही बसवलं. म्हणाला, ‘तू निघालास कळलं की ती वाट बघणार. आलास की म्हणणार, चार दिवस राहू दे पोराला, मग बघू. पोर घरात असताना कुठली आई ऑपरेशनच्या कागदावर सही करते रे? इथूनच सांग तिला, जा म्हणून.’

मी विचारलं, ‘तुमचा आवाज गेला तेव्हा तुमच्या मुलाला वाईट नाही वाटलं?’

‘रडला की. आता रोज म्हणतो, बाबा, जरा गप्प बसा.’

मी बॅग घेऊन वर आलो. आत्ता तिच्यावरच कागद ठेवून लिहितोय.

ताई, एवढं मनात वाच. तिचा आवाज तुझ्या फोनमध्ये भरून ठेव. तोंडासमोर धरू नकोस, बातम्या दिल्यासारखं बोलेल. गिऱ्हाईक बटण तुटलं म्हणून भांडायला आलं की फळीवर गुपचूप चालू करून ठेव. पण मला पाठवू नकोस. मी मागितलं तरी एवढ्यात पाठवू नकोस.

आई, ताईबरोबर जा आणि सही कर. माझ्यासाठी एक दिवसही थांबू नकोस. तू गप्प असलीस तरी मला चालेल. तू नसलीस तर मी कुठून निघालो आणि कुणापासून लांब आहे, हेच मला कळायचं नाही.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मी फोन करीन. त्या दिवशी मी एक शब्दही बोलणार नाही. तू बोल. शिव्या दे, गिऱ्हाइकांची गाऱ्हाणी सांग, काहीही सांग. फक्त ‘येतोस का’ एवढं विचारू नकोस.

तुझ्याकडे यायचं सोडून तुलाच ‘जा’ म्हणणारा,
तुझा धाकटा