वेळसईच्या समुद्रावरचे माझे घर

मी, प्रयागबाई रखमाजी कुटे, वय ६४, राहणार पिंपरी पेंढार, तालुका जुन्नर, जिल्हा पुणे, लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे, दोन वेळचे जेवण जाते आणि हा कागद करण्यास मला कोणी भरीस घातलेले नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. मौजे वेळसई, तालुका श्रीवर्धन येथे समुद्रापासून हाकेच्या अंतरावर दोन खोल्या, स्वयंपाकघर, पडवी व आड असलेले कौलारू घर माझ्या नावे आहे. सुट्टीला येणारे पाहुणे ते भाड्याने घेतात आणि आपला स्वयंपाक आपणच करतात. माझे यजमान कै. रखमाजी कांद्याची गाडी घेऊन कोकणात जात. त्यांनी १९९३ साली ते घेतले व भावकीने वाटा मागू नये म्हणून माझ्या नावे केले. विहिरीच्या मोटारीचा कागद आहे असे सांगून माझी सही घेतली. दहा वर्षे मी या घराची मालकीण होते आणि मला ते ठाऊक नव्हते.

जानेवारी २००३ मध्ये पुण्याच्या कुणा पाहुण्यांचे पोस्टकार्ड आले. तिसरीतल्या माझ्या नातीने, हर्षालीने, ते वाचले. "प्रयागबाई, तुमच्या घरी चार दिवस मजेत गेले. भांडी पुरेशी होती. हरिहरेश्वर झाले, होडीतून जंजिरा पाहिला. फक्त स्टोव्हची वात बदलून घ्या."

मी म्हणाले, पत्ता चुकला असेल. तर पोरगी हसून म्हणाली, "आज्जी, हे तर आपलं वेळसईचं समुद्रावरचं घर! पाटीवर तुझं नाव अन् आपला पत्ता हाय." मग तिने तोंडावर हात ठेवला. "पप्पांनी सांगू नको म्हणलं व्हतं."

माझ्या हातून दुधाची चरवी सुटली. सून मंगल चुलीपुढे होती, तिने मान वर केली नाही. मुलगा गोरख उठून बाहेर गेला. यजमान मात्र शांतपणे म्हणाले, "अगं, सांगितलं असतं तर तू बी येते म्हणली असतीस. मग म्हशींकडं कोण बघणार व्हतं?"

ते रागाने बोलले असते तर मी सोसले असते. ते समजावून सांगत होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे शेजारच्या कुशाबाईला घेऊन मी आळेफाट्यावर एस.टी.त बसले. म्हशी तशाच दाव्याला सोडून गेले. जन्मात पहिल्यांदा.

वेळसईला घर सांभाळणारे भिका भेटले. मी नाव सांगितले. ते म्हणाले, "प्रयागबाई? त्या तर वारल्या ना? शेटनी तसाच सांगितलान. म्हणून तर पाटीवर नाव."

मी पडवीत खाली बसले. समोर समुद्र होता, पण मला तो दिसत नव्हता. कुशाबाई म्हणाली, "बाई, आलोच हाय तर पाय तरी भिजवू." मी उठले नाही.

घरात पाहुण्यांची वही होती, ती भिकांनी मला वाचून दाखवली. तिच्यात दरवर्षी आमच्या माणसांची नावे होती. मला सांगत की कारखान्याची मीटिंग आहे, बोरीला लग्न आहे. मे १९९९ मध्ये माझे पिशवीचे ऑपरेशन झाले. कांदा काढणीला आला म्हणून घरचे कोणी दवाखान्यात थांबले नाही. त्याच तारखांना वहीत गोरखच्या नावाने लिहिले होते: "जंजिरा पाहिला. फार आनंद झाला." माझ्या उशाशी कुशाबाई होती, तिची रोजची मजुरी बुडवून.

म्हणून वेळसईचे घर, भांड्याकुंड्यांसह, मी कुशाबाई गेणू दुधवडे हिला देते. तिने राहावे किंवा पाहुण्यांना द्यावे, तिची मर्जी. तिच्या पश्चात ते हर्षालीचे. त्या दिवशी पोरीने खरे सांगितले म्हणून तिच्या बापाने तिला मारले होते.

कलम २. गोठा व दुभती जनावरे गोरखला. धारा त्याने स्वतः काढाव्यात. ही अट कोर्टात टिकणार नाही असे हा कागद लिहून घेणारे मास्तर म्हणतात. तरी लिहावी.

कलम ३. माझ्या पाटल्या मंगलला. वहीत एका ठिकाणी तिने लिहिले होते, "आत्याबाईंना आणायला हवं होतं." कुणीतरी त्यावर रेघ ओढली होती, पण वाचता येत होते. तिला लिहिण्याचे धाडस झाले, बोलण्याचे झाले नाही. तेवढ्याबद्दल पाटल्या. डोरले कोणी मागू नये, ते मी मोडले आणि त्यातून घराची कौले बदलली.

कलम ४. मला जाळल्यावर गावजेवण घालू नये.

शेवटी एक. २००५ साली यजमानांना अर्धांगवायू झाला. वाचा जड झाली होती. एक दिवस खुणा करून त्यांनी समुद्र मागितला. मी जीप केली आणि त्यांना वेळसईला नेले. भिकांनी व मी त्यांना वाळूत बसवले. लाट पायाला लागली तसे ते रडू लागले. "चुकलं" एवढेच मला समजले. मी पदराने त्यांचे तोंड पुसले, भात कालवून भरवला. माफ केले असे मात्र म्हणाले नाही. त्यानंतर बाराव्या दिवशी ते गेले. लोक म्हणतात, मेलेल्या माणसाला आता तरी माफ कर. इथे लिहावे म्हणून मास्तरही मघापासून थांबले आहेत. लिहू नका असे मी त्यांना सांगितले आहे.

मजकूर वाचून घेतला, बरोबर आहे.

प्रयागबाई रखमाजी कुटे (सही)

आमच्यासमक्ष सही केली:
१. ज्ञानेश्वर सावळेराम पोटे, शिक्षक, पिंपरी पेंढार (लेखकही हेच)
२. अंजना अमृत कोरडे, बोरी बुद्रुक

ठिकाण: पिंपरी पेंढार
दिनांक: १२ फेब्रुवारी २००८