टायपिस्ट आजींची केस

४ जून, सकाळी
मागच्या वर्षी समाजकार्याच्या कोर्सच्या फील्डवर्कला नापास झालो, ते सुपरवायझर मॅडमना माझा आवाका कळला नाही म्हणून. सेहेचाळिसाव्या वर्षी ही शेवटची संधी. केस एकच. रिटायर्ड टायपिस्ट आजी, एकट्या राहतात, मुलीशी तीन वर्षं अबोला. तीन महिन्यांत मायलेकींना एकत्र आणणार. बायको म्हणाली, आधी कपडे वाळत घाल. तिला सिस्टिम्स थिअरी समजावली. कपडे तिनेच वाळत घातले.

११ जून
पहिली भेट. आजींना सांगितलं, माणूस सुटा नसतो. कुटुंब, शेजार, समाज अशी सगळी व्यवस्था असते. म्हणाल्या, "असेल बाबा. बाथरूममध्ये धरायला एक दांडा बसवून मिळेल का? पाय सटकतो." मुलीचा विषय टाळतात. वहीत लिहिलं: प्रतिकार.

२५ जून
आज स्ट्रेंथ्स अप्रोच. माणसातलं बळ शोधायचं. विचारलं, तुमची ताकद कशात आहे? म्हणाल्या, "गुडघ्यात तरी नाही." पुन्हा दांडा. एकदम उजेड पडला: दांडा म्हणजे आधार, आधार म्हणजे मुलगी! तीन पानं लिहिली. थकलो.

९ जुलै
मॅडमनी वही वाचली. दांड्याचं काय झालं, म्हणाल्या. मी म्हणालो, आयती मदत दिली की माणूस परावलंबी होतो. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. भारावल्या असाव्यात. तरी म्हणाल्या, सोमवारपर्यंत दांड्यासाठी अर्ज टाका. टाकतोच.

१३ जुलै, सोमवार
फॉर्म सापडेना. शिवाय आजींच्या कुटुंबाचा नकाशा चार रंगांत काढत होतो, तो अर्धा सोडवेना. अर्ज उद्या. नक्की.

१४ जुलै
नकाशा आजींच्या मुलीला मोबाइलवर पाठवला. उत्तर आलं: "कोण तुम्ही?" संवाद सुरू झाला! या आनंदात अर्ज राहिला.

१६ जुलै, दुपारी
आजींच्या दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, काल बाथरूममध्ये पडल्या, दोन तासांनी हाका ऐकू आल्या. खुब्याचं हाड मोडलंय. ऑपरेशन.
घरी येऊन क्रायसिस इंटरव्हेन्शनचा धडा उघडला. पहिली पायरी: शांत राहा. पहिल्या पायरीवरच आहे. अक्षरं दिसत नाहीत.

१७ जुलै
मॅडमनी केस काढून घेतली. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी म्हणालो, फॉर्म सापडला नाही. त्यांनी ड्रॉवर उघडून वरचाच कागद पुढे केला. वर्ष गेलं. बायकोला सांगितलं, फील्डवर्क उत्तम चाललंय. मग जेवत का नाहीस, म्हणाली.

१९ जुलै, संध्याकाळी
हॉस्पिटलात गेलो. माफीचे चार मसुदे पाठ केले होते. आजी डोळे मिटून पडलेल्या, उशाशी मुलगी. शेजारणीचा फोन गेला आणि ती रातोरात आली म्हणे. आईचे केस विंचरत होती.
मी घसा साफ केला. तेवढ्यात आजींना उमासा आला आणि नर्सने माझ्या हातात उलटीचं भांडं कोंबलं. धरलं. तीनदा धुऊन आणलं. आजी डोळे न उघडताच म्हणाल्या, "जरा जवळ." जवळ धरलं.
निघताना मुलीने विचारलं, "मामा, उद्यापण तुमचीच ड्यूटी आहे का?"
हो म्हणालो.