निळी जीभ

४ मार्च

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

घरी सगळे बरे आहेत, शेड सोडून. पिल्लं शिंकताहेत, गळे घरघरतात. रोज काही दगावतात. लस वेळेवर दिली होती. अर्ध्या खोक्यांना मी, अर्ध्यांना बाबांनी. बाबांचं म्हणणं, रोग श्वासाचा आणि थेंब डोळ्यात, यात कसला अर्थ. पण थेंब टाकायला माझ्यापेक्षा आपला हात पक्का, हेही तेच सांगतात. नवी पिल्लं पुढच्या आठवड्यात येतील. तीही अशीच गेली तर शेडला कुलूप लावावं लागेल.

तुम्ही दिवसभर कोंबड्यांची फुफ्फुसं कापून बघत बसता, त्याचा घराला एकदा तरी उपयोग होऊ द्या.

लोभ आहेच, सोबत उत्तरही यावं.

तुमची वहिनी

७ मार्च

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

टोमणा पोचला.

आपल्या फुफ्फुसात बाहेरची धूळ, जंतू गिळून टाकणाऱ्या पेशी कायम बसलेल्या असतात. कोंबडीच्या फुफ्फुसात त्या फार थोड्या. गरज पडली की रक्तातून धावत येतात, पण तोवर उशीर होऊ शकतो. म्हणून वाटेवरचे पहारे महत्त्वाचे. एक पहारा डोळ्याच्या मागे आहे, एका ग्रंथीत. थेंब आधी तिथे भेटतो, मग नाकात उतरतो, टाळूवरून जिभेवर येतो. बाबांना एवढं सांग.

पिल्लाने डोळा मिटून उघडेपर्यंत त्याला सोडायचं नाही. लसीच्या पाण्यात निळा रंग असतो. थोड्या वेळाने चोची उघडून बघ. जीभ निळी, तर थेंब पोचला. तुझी खोकी आणि बाबांची खोकी वेगळी ठेव.

माया अशीच ठेव, टोमण्यांसकट.

तुझी नणंद

१५ मार्च

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

माझ्या खोक्यातल्या जिभा निळ्या. बाबांच्या खोक्यात कुणाचा गाल निळा, कुणाचं कपाळ, जिभा बहुतेक गुलाबी. ते पेपर वाचत नाहीत, त्यात आता काही राहिलं नाही म्हणतात, ते आठवलं.

सांगायचं कोणी? तुमचे दादा तेवढ्यात खाद्य आणायला गेले. मी माझ्या खोक्यातलं एक पिल्लू बाबांच्या हातात दिलं आणि जीभ बघायला सांगितलं. त्यांनी ते उजेडात नेलं, फिरवून फिरवून पाहिलं. मग म्हणाले, लसवाल्यांनी या खेपेला रंगच घातलेला नाही. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, तो मनगटापर्यंत निळा होता. माझा हात त्यांनी डोळ्यांजवळ नेला. मग पिल्लू खोक्यात ठेवून बाहेर जाऊन बसले.

त्यांची खोकी मी पुन्हा केली. लोभ राहू द्या, आणि त्यांना पत्र घाला. माझं नाव नको.

तुमची वहिनी

९ एप्रिल

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्रात सूनबाईचं नाव नव्हतं, म्हणूनच कळलं कोणी लिहायला लावलं ते. मोतीबिंदू काढला. नवी पिल्लं शिंकत नाहीत. लसीचा निळा रंग आता झोंबण्याइतका निळा दिसतो.

डॉक्टरांनी डोळ्यात घालायला औषध दिलंय. पहिला थेंब पडला आणि थोड्या वेळाने घशात कडू लागलं. तेव्हा तुझी ती वाट पटली. थेंब सूनबाई घालते. मी डोळा मिटून उघडेपर्यंत ती माझी हनुवटी सोडत नाही. मग जीभ दाखवायला सांगते. तुझा दादा हसत होता.

मी दाखवली.

पुढची लस मीच देणार. जिभा ती बघेल. तब्येत सांभाळ, येऊन जा.

तुझे बाबा