शाब्बास-सरांचे कान

४ जानेवारी

चि. बेडक्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस, सगळं क्षेम आहे. तुझा तो फोन मात्र एकदाचा भंगारात टाक. रविवारी मी घसा कोरडा होईस्तोवर बोलले आणि तू प्रत्येक वाक्यावर शाब्बास म्हणालास. नळ फुटून माझ्या स्वयंपाकघरात तळं झालं, त्यालाही शाब्बास! पोरं तुला शाब्बास-सर म्हणतात ते उगाच नाही. म्हणून म्हटलं, आता कागदच बरा.

तुझी बायको, आमची वहिनी, काळजीत आहे. पोहण्याच्या तलावाचे मॅनेजर तुला काठावरून उठवून तिकीट-खिडकीत बसवणार आहेत म्हणे. लांबच्या टोकाची मुलं हाका मारतात आणि तुला पत्ता नसतो. अरे, पोहायला शिकवणं सुटलं तर तू दोरीवरच्या टॉवेलसारखा वाळून जाशील, मी काय ओळखत नाही तुला? बाबांनाही कमी ऐकू यायचं, पण ते सत्तरीनंतर. तुझी अजून साठीही उलटली नाही. मुकाट्यानं कानाच्या डॉक्टरकडे जा. नाहीतर मी येऊन कान धरून नेईन. कानांचा तेवढा तरी उपयोग होईल.

रागावलेली, तरी माया तसूभरही कमी न केलेली,
ताई

१९ जानेवारी

ती. ताईस,
सा. नमस्कार, वि. वि.

फोन माझा नाही, तुझाच बिघडलाय. शिवाय हल्ली तू पुटपुटतेस. ते असो.

गेलो बाई एकदाचा डॉक्टरीणबाईंकडे. आता कानाला यंत्र आणि नशिबी खिडकी, असं धरूनच चाललो होतो. त्यांनी दुर्बिणीतून दोन्ही कानांत पाहिलं आणि विचारलं की थंड पाण्यात पोहता का. मी म्हटलं, जन्मभर दुसरं केलंय काय! तर त्या हसल्या. वर्षानुवर्षं गार पाणी लागलं की कानाच्या नळीतलं हाड आतल्या आत वाढतं, त्याच्या गाठी होतात. ऐकून बरोबर आलेल्या तुझ्या वहिनीच्या तोंडचं पाणी पळालं. पण हे साधं हाडच आहे, त्यात वाईट काही नाही, ते कुठे पसरत नाही, असं बाईंनी तिला नीट समजावलं. स्कॅनमध्येही तेच दिसलं.

मग शाळेत असायचा तो नादकाटा वाजवून कानासमोर धरला, तर जेमतेम कुजबुज. कानामागच्या हाडावर टेकवला, तर खणखणीत! म्हणजे ऐकण्याची नस ठणठणीत आहे, दारच तेवढं अडलंय. उजव्या कानात तांदळाचा दाणा जाईल एवढीच फट उरलीय, आणि त्यात पाणी नि मळ अडकून बसतो. भूल देऊन ते हाड कोरून काढायचं. पण पडदा अगदी जवळ, तेव्हा थोडा धोका असतोच. आहे तेही ऐकू येईनासं झालं तर? ताई, मला भीती वाटते. वहिनीला सांगू नकोस.

आणि हो, लहानपणी बरोबर आणखी कोण पोहायचं, असं बाईंनी विचारलं. मला खाणीतलं तळं आठवलं आणि माझ्याआधी उडी मारणारी एक मुलगी. तेव्हा तूही कान दाखव.

तुझ्या धाकात आणि आशीर्वादात राहू इच्छिणारा,
बेडक्या

२ फेब्रुवारी

चि. बेडक्यास,
आशीर्वाद.

भिऊ नकोस असं मी म्हणणार नाही. भी, पण जा. त्या तळ्यावर तू माझा हात सोडत नव्हतास तेव्हा मी काय सांगितलं होतं? भीती जायची वाट बघत बसलो तर काठावरच म्हातारे होऊ. मग दोघांनी हात धरूनच उडी मारली होती.

आता हस. मी तणतणत आमच्या डॉक्टरांकडे गेले, तर माझ्याही कानांत तेच! बारीक मण्यांएवढे उंचवटे आहेत. एवढ्याला कापाकापी नको म्हणाले. मळ काढला, वर्षाकाठी दाखवायचं आणि पोहताना कानात बुचं घालायची. दवाखान्याबाहेर पडले तर केवढा गोंगाट! आमच्या भिंतीवरचं घड्याळ टिकटिकतं, हे मी विसरूनच गेले होते. म्हणजे बघ, गेल्या वर्षी तुझा फोन बिघडला म्हणून मी तुला नवा घेतला आणि माझा बिघडला म्हणून तू मला. दोन्ही फोन बिचारे धडधाकट! हसून हसून पोट दुखलं.

शस्त्रक्रियेच्या दिवशी मी दाराबाहेर बसलेली असेन. मॅनेजरांना सांग, तोवर खिडकीत दुसऱ्याला बसवा.

वाटेला लागलेलीच,
ताई

२१ एप्रिल

ती. ताईस,
सा. नमस्कार.

तू गेल्यावर घर शांत झालं म्हणावं, तर तीही सोय उरली नाही. तुझी वहिनी तोंडातल्या तोंडात काय बोलते ते मला आता ऐकू येतं, आणि मला ऐकू येतं हे तिलाही कळलंय. दोघांची पंचाईत. उजवा कान छान भरून आला, डाव्याचा नंबर यथावकाश. बुचं घालून पाण्यात उतरायला बाईंनी परवानगी दिली. मॅनेजरांनी लांबच्या टोकाला जाऊन, म्हातारा ऐकतोय का बघा, असं हळूच म्हणून पाहिलं. म्हातारा व्हायला अवकाश आहे, असं मी या टोकावरूनच कळवलं. खिडकी टळली, ताई! मी त्या काठावर लहान पोरासारखा नाचलो.

फोन आता खुशाल कर. पण पत्रंही टाकत जा. मला भीती वाटते, हे मी फोनवर तुला जन्मात सांगितलं नसतं.

काल पहिला वर्ग. सगळ्यांत मागे एक चिमुरडी कठड्याची दांडी घट्ट धरून उभी होती, ओठ हलत होते. एरवी मी लांबूनच शाब्बास म्हणून पुढे गेलो असतो. काल ऐकू आलं. तिला भीती वाटत होती आणि ती तेवढंच पुन्हा पुन्हा सांगत होती. ताई, इतक्या वर्षांत किती पोरांनी मला हेच सांगितलं असेल गं, आणि मी शाब्बास म्हणून मोकळा झालो!

मग तिला तुझं ते काठावर म्हातारं होण्याचं सांगितलं. हसली. मी बुचं घातली, तिचा हात धरला आणि दोघांनी उडी मारली. वर आल्यावर ती तोंडातलं पाणी थुंकत काहीतरी ओरडली. मी एक बूच काढून पुन्हा विचारलं. म्हणाली, आणखी एकदा.

तेव्हा मात्र मी म्हटलं, शाब्बास.

तुझा हात अजून न सोडलेला,
बेडक्या