अभिनवच्या जागी मी

बिबवेवाडी, पुणे
४ फेब्रुवारी २००७

ती. ताईस, शि. सा. नमस्कार.

तुझं पार्सल पोचलं. सांडगे, जवसाची चटणी आणि गोधडी. हमालाने वीस रुपये घेतले, पण जवस इथे इतका महाग की रागावले नाही.

माझ्या अभिनवचं विचारलंस. ऑटिझम आहे असं डॉक्टरांनी तिसाव्या वर्षी सांगितलं तेव्हा तो म्हणाला, बरं झालं, नाव तरी कळलं. पण हिंजवडीच्या ऑफिसात त्याला गोंगाटात बसवलंय. दोनदा भर दुपारी काम टाकून घरी आला. पुन्हा आलास तर नोकरी राहणार नाही, असं साहेबांनी बजावलंय.

डॉक्टरांनी ध्यान सुचवलं. वर्गातल्या बाई म्हणाल्या, मन ढगासारखं वाहू द्या. याने विचारलं, कोणत्या दिशेला? दुसऱ्या दिवशी मधूनच उठून आला. फी परत मिळत नाही, म्हणून त्याच्या जागी मी जाते. काल जप करताकरता डोळा लागला, तर बाईंनी सगळ्यांना सांगितलं, या किती खोल गेल्यात पाहा.

लोभ आहे तेवढाच ठेव. वाढवलास तर फेडताना जड जाईल.

तुझी,
श्यामला

अमरावती
१२ फेब्रुवारी

चि. सौ. श्यामलास अनेक आशीर्वाद.

तुझ्या समाधीची बातमी घरात वाचून दाखवली. तुझे भाऊजी म्हणाले, मी रोज दुपारी तेच करतो, मला घोरतो म्हणतात.

पण बाई, शाळेची घंटा झाली की कान दाबून बसणारं पोर ते. तू तिथे त्याच्या वाटचं झोपून काय उपयोग? त्याला काय नडलं ते त्याला विचारलंस का?

माया आहेच, म्हणून तर बोलते.

मुक्ताई

बिबवेवाडी
४ मार्च

ती. ताईस, शि. सा. नमस्कार.

विचारलं. म्हणाला, उदबत्तीने डोकं दुखतं, घंटा कधी वाजेल कळत नाही, बाई मागून येऊन खांद्यावर हात ठेवतात, आणि डोळे मिटले की सगळं दुप्पट ऐकू येतं. मी म्हटलं, मग बोलला का नाहीस? म्हणाला, कोणी विचारलं नाही. मी भाजी चिरत राहिले.

त्याला घेऊन बाईंकडे गेले, सगळं सांगितलं. बाई भल्या निघाल्या. उदबत्ती बंद झाली. कशानंतर काय, ते आधीच फळ्यावर लिहितात. खांद्याला हात नाही, ढग रद्द. डोळे उघडे ठेवून वाती वळायच्या आणि कापूस बोटांना कसा लागतो तिकडे लक्ष द्यायचं, ही कल्पना अभिनवची. आणखी दोघं लगेच त्याच्या शेजारी सरकले. मला मात्र समाधीमुळे पुढे बसवलंय, आता झोपायचीही पंचाईत.

मग तो आपणहून साहेबांकडे गेला. कोपऱ्यातली जागा मागितली, आणि फार गोंगाट झाला तर घरी न जाता गच्चीवर थोडा वेळ वाती वळू द्या म्हणाला. साहेबांनी विचारलं, वाती कशाला? हा म्हणाला, आई देवापुढे लावते. साहेब पडले भाविक. जागा मिळाली, नोकरी राहिली, आणि शनिवारी त्यांच्या घरासाठीही एक पुडी गेली.

मागायची चव लागल्यावर आता तुझी पाळी. एप्रिलमध्ये तुझ्याकडे यायचं म्हणतो, पण दारात मिठी मारून गाल ओढायचे नाहीत. नमस्कार तो स्वतः करील. मी म्हटलं, मुक्ताईमावशीला हे या जन्मी जमायचं नाही. तो म्हणाला, विचारून तर बघ. तेव्हा विचारते. जमेल की नाही ते उलटटपाली कळव. तुझा होकार आल्याशिवाय तो तिकीट काढणार नाही.

तुझी,
श्यामला